नागपुरात गाडीचं इंजिन ऑइल कधी बदलायचं? नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी

सर्व्हिस सेंटरवाले सांगतात दहा हजार किलोमीटर. ओळखीचा मिस्त्री म्हणतो पाच हजार. ऑइलच्या दुकानात सांगतात, हे सिंथेटिक आहे, पंधरा हजारांपर्यंत बघायची गरज नाही. नवा गाडीवाला इथेच गोंधळतो. खरं तर तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो, पण तुमची गाडी रोज कशी चालते हे त्यांच्यापैकी कुणी विचारलेलं नसतं, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. धरमपेठेतून सीताबर्डीला रोज ये-जा करणारी गाडी आणि दर आठवड्याला अमरावतीला जाऊन येणारी गाडी, दोघींच्या मीटरवर दहा हजारच दिसतील. आतलं ऑइल मात्र एकीत पार थकलेलं असेल आणि दुसरीत अजून बऱ्या अवस्थेत असेल. स्वतःच्या गाडीचा आकडा स्वतः काढता येतो. कसा, ते पुढे दिलं आहे.

सुरू करण्याआधी एवढं जवळ घ्या: गाडीसोबत मिळालेलं मालकाचं पुस्तक (हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून मिळतं), मागच्या ऑइल बदलाचं बिल, धागे न सुटणारं पांढरं सुती फडकं, टॉर्च आणि एक छोटी वही. वही नको असेल तर मोबाइलमध्ये नोंद ठेवा, पण ठेवा.

१. पुस्तकातलं दुसरं वेळापत्रक शोधा

देखभालीच्या पानावर बहुतेक पुस्तकांत दोन वेळापत्रकं असतात. पहिलं सर्वसाधारण वापराचं. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ते दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने असतं, काहींना पंधरा हजार. दुसरं असतं खडतर वापराचं, म्हणजे ‘सिव्हिअर कंडिशन’चं. ते एक-दोन पानं पुढे बारीक अक्षरात असतं आणि तिथपर्यंत फारसं कुणी जात नाही. त्यात मुदत बहुधा निम्मी केलेली असते: पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने.

खडतर म्हणजे फक्त डोंगर आणि चिखल, असा समज आहे. पुस्तकातली यादी वाचा. धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या फेऱ्या, सिग्नलवर आणि गर्दीत इंजिन बराच वेळ नुसतं चालू राहणं, कडक ऊन, टॅक्सीचा वापर, ट्रेलर ओढणं. आता नागपूरच्या आत फिरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर, कुठे ना कुठे सिमेंट रस्त्याचं किंवा उड्डाणपुलाचं काम, घर ते ऑफिस चार किलोमीटर. यातल्या दोन-तीन अटी लागू होत असतील, तर कंपनीच्याच हिशेबाने तुमची गाडी दुसऱ्या वेळापत्रकात येते.

किलोमीटर आणि महिने यांत ‘जे आधी येईल ते’ ही अट असते, तीही पाळायची. नोकरीसाठी मुलं पुण्याला, गाडी मनीषनगरच्या पार्किंगमध्ये, वर्षात जेमतेम दोन हजार किलोमीटर, अशी घरं पुष्कळ आहेत. उभ्या गाडीतही ऑइलला हवा आणि ओल लागतच असते, आणि त्यात मिसळलेली रसायनंही म्हातारी होतात. वर्ष झालं की बदला.

२. किलोमीटरऐवजी तास मोजा

शेतीशी संबंध असलेल्यांना हे लगेच समजेल. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर बदलत नाहीत, तासांच्या मीटरवर बदलतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना ही मुदत २५० तासांची असते. कारण साधं आहे: इंजिन फिरत असतं तोवर ऑइल तापतं, घासलं जातं आणि काजळी पोटात घेतं, मग चाकं फिरोत की न फिरोत. मोटारीत तासांचं मीटर सहसा दिसत नाही, पण सरासरी वेग दिसतो.

हिशेब असा. ऑइल बदललं की ट्रिप मीटर शून्यावर आणा. महिनाभराने स्क्रीनवर सरासरी वेग बघा. समजा तो ताशी २२ किलोमीटर आहे. दहा हजार किलोमीटर होईपर्यंत तुमचं इंजिन साधारण ४५५ तास चाललेलं असेल. सरासरी ६० असलेल्या हायवेच्या गाडीचं तेवढ्याच अंतरात फक्त १६७ तास. मीटरवरचा आकडा एकच, काम मात्र अडीचपटीहून जास्त.

शहरातल्या गाडीसाठी २५० तासांची अंदाजी रेघ वापरायला आमची हरकत नाही. सरासरी वेगाला २५० ने गुणा: २२ चे ५,५०० किलोमीटर आले. पुस्तकातल्या खडतर वेळापत्रकाशी हे जवळपास जुळतं, हा योगायोग नाही. एक बंधन मात्र कायम ठेवा. गुणाकार पुस्तकाच्या मुदतीपेक्षा मोठा आला, तर मुदत पुस्तकातलीच धरायची. सरासरी ६० आहे म्हणून गाडी पंधरा हजारांपर्यंत ओढू नका. वॉरंटी पुस्तकातल्या आकड्यावर चालते.

३. छोट्या फेऱ्यांकडे गांभीर्याने बघा

ऑइलचं सर्वात जास्त नुकसान लांबच्या प्रवासात होतं, असा लोकांचा समज असतो. उलट आहे. थंड इंजिन सुरू होतं तेव्हा जास्त इंधन जातं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून तयार झालेली वाफही थंड भागांवर पाणी होऊन बसते. ऑइल पुरेसं तापलं की हे दोन्ही उडून जातं. पण तापमानाचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान दाखवतो आणि ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं चालणं लागतं. मुलांना शाळेत सोडून दहा मिनिटांत परतणारी गाडी तिथपर्यंत पोचतच नाही. पाणी, कच्चं इंधन आणि ज्वलनातली आम्लं साठत जातात, आणि पुढे त्याचाच चिकट काळा गाळ होतो.

यावर उपाय आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरतं. बीएस-६ डिझेल गाडीला तर हे अत्यावश्यक आहे. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असतो. तो साफ करण्यासाठी इंजिन मधूनमधून जास्तीचं डिझेल फवारतं. ही सफाई चालू असताना तुम्ही गाडी बंद करत राहिलात, तर त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. पातळी वाढलेली दिसली तर वरचं ऑइल काढून टाकून भागत नाही. ते पातळ झालेलं असतं, सगळंच बदलावं लागतं.

सीएनजीवाल्यांची फसगत वेगळ्या प्रकारे होते. सीएनजी काजळी फारशी करत नाही, म्हणून ऑइल महिनोन्‌महिने मधासारखं स्वच्छ दिसतं आणि मुदत पुढे ढकलली जाते. पण त्या इंजिनात उष्णता जास्त असते, पाण्याची वाफही जास्त तयार होते, आणि ऑइल रंग न बदलता आतून खराब होतं. सीएनजी गाडीचं ऑइल रंगावरून कधीच ठरवू नका.

४. डिपस्टिक वाचायला शिका

डिपस्टिक म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. ती बघायची महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी. समृद्धी महामार्गाने निघणार असाल तर जाण्याआधी बघा आणि परतल्यावरही बघा. ताशी १२० ची मर्यादा गाठून तासन्‌तास धावणारं इंजिन शहरातल्यापेक्षा जास्त ऑइल खाऊ शकतं.

गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन गरम असू द्या, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. पट्टी बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून आडवी धरा. पहिल्यांदा काढल्यावर दिसलेल्या पातळीवर विश्वास ठेवू नका, त्यावर ऑइल फासलेलं असतं. खालची आणि वरची खूण यांत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचा फरक असतो. पातळी दोन्ही खुणांच्या मध्याच्या खाली असेल तर पुस्तकातल्याच ग्रेडचं (डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० सारख्या आकड्याचं) ऑइल पाव-पाव लिटर घालत पुन्हा मोजा. वरच्या खुणेच्या पुढे कधी जाऊ नका: क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

आता रंग. नव्या गाडीवाल्यांची सर्वात जास्त दिशाभूल यानेच होते. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं, ते काजळी धरून ठेवत असतं आणि तेच त्याचं काम आहे. ‘साहेब, बघा किती काळं झालंय’ म्हणत कुणी पट्टी दाखवली, तर मागच्या बदलाचं बिल काढा आणि तारीख बघा. लक्ष द्यायच्या खुणा वेगळ्या आहेत:

पट्टीवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचा थर असेल तर कूलंट किंवा पाणी आत गेलं आहे. गाडी चालवू नका. मात्र डिसेंबर-जानेवारीत फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली, पट्टी स्वच्छ आहे आणि कूलंटची पातळीही घटलेली नाही, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली ओल असते. एक लांब चक्कर मारून पुन्हा बघा, मगच हेड गॅस्केटचा (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या इंजिनातल्या सीलचा) खर्च डोक्यात आणा.

पेट्रोल-डिझेलचा उग्र वास आणि वाढलेली पातळी एकत्र दिसली तर मुदत बाकी असली तरी बदला. बोटांत चोळल्यावर खरखर लागली तर एअर फिल्टर आणि त्याच्या डब्याचं सील तपासा, आत धूळ जाते आहे. चकाकणारे धातूचे कण दिसले तर गाडी चालवू नका, थेट चांगल्या मेकॅनिककडे न्या.

डॅशबोर्डवरचे दोन दिवे वेगळे ओळखा. पिवळा पाना किंवा ‘सर्व्हिस’ म्हणजे मुदत जवळ आली, आठवड्याभरात वेळ घ्या. लाल ऑइलकॅन (तेलाच्या कुपीचं चित्र) म्हणजे ऑइलचा दाब गेला. ती बदलाची आठवण नाही. गाडी बाजूला घेऊन त्या क्षणी इंजिन बंद करा, पातळी बघा, आणि पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर टो करून न्या. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून चालवलेली दोन किलोमीटरं पूर्ण इंजिनाची किंमत मागतात.

५. ‘नागपूरच्या उन्हाला जाड ऑइल लागतं’ हे तपासून घ्या

हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तोही चांगल्या मनाने. जुन्या काळात त्यात तथ्य होतं. आज थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धडधाकट असतील तर बाहेर १२ अंश असोत की ४६, चालत्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं. नवतप्यात ते थोडं वर जातं, आणि कंपनीने ते धरूनच ग्रेड दिलेली असते.

५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंशांना किती जाड राहतं ते. नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं, कारण त्यातल्या फटी बारीक असतात आणि वॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. तिथे २०डब्ल्यू-५० घातलं, तर सकाळी सुरू करताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं आणि मायलेजही घटतं. पुस्तकात तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिला असेल आणि त्यात ५डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-४० ही मान्य असेल, तर जास्त चाललेल्या जुन्या इंजिनासाठी ती निवड रास्त आहे. तक्त्याबाहेर जाऊ नका.

ग्रेडइतकंच डब्यामागचं प्रमाण, म्हणजे ऑइलच्या दर्जाचं मानकही महत्त्वाचं; एपीआय आणि एसीईए ही अशी मानकं ठरवणाऱ्या संस्थांची नावं. पेट्रोलसाठी एपीआय एसपी हे २०२० पासून आलेलं प्रमाण टर्बो-पेट्रोल इंजिनांतला अवेळी होणारा स्फोट रोखण्याचा विचार करतं, म्हणून टर्बो गाडीला जुन्या एसएन प्रमाणाचं स्वस्त ऑइल घेऊ नका. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, म्हणजे पुस्तकात लिहिलं असेल त्याप्रमाणे एसीईए सी२ किंवा सी३. ट्रकचं ऑइल त्यात घातलं तर राखेने फिल्टर कायमचा तुंबतो, आणि तो फिल्टर फार महाग असतो.

उन्हाळ्यासाठी मुद्दाम ऑइल बदलायची गरज नाही. फक्त मुदत जूनमध्ये संपत असेल तर एप्रिलमध्येच उरकून घ्या. थकलेल्या ऑइलवर मे महिना काढू नये.

६. गाडी पाण्यात बुडाली असेल तर मुदत बघू नका

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि घरांसमोर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी सर्वात मोठं नुकसान पाणी करत नाही, ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून मारलेला सेल्फ करतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी चाकांच्या वर आलं असेल तर किल्लीला हात लावू नका. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड लागते. मेकॅनिककडून एअर फिल्टर, प्लग किंवा इंजेक्टर काढून तपासणी, मग ऑइल आणि फिल्टर नवे, दहा-पंधरा मिनिटं चालवून ते ऑइल पुन्हा बदलणं, आणि गिअरबॉक्सचं ऑइलही तपासणं, हा क्रम ठेवा.

७. बदलून घेताना समोर उभे राहा

ऑइलसोबत फिल्टर दर वेळी नवा. जुन्या फिल्टरमध्ये राहिलेलं घाण ऑइल नव्यात मिसळतं. फिल्टर कंपनीचा किंवा नावाजलेल्या ब्रँडचा घ्या. हलक्या फिल्टरमधली ऑइल अडवून ठेवणारी रबरी झडप रात्रभरात सुटते आणि सकाळी सुरू करताना खडखड ऐकू येते. ड्रेन प्लगचा (खालून ऑइल सोडायच्या बोल्टचा) वॉशरही नवा मागा. काही रुपयांची वस्तू आहे, पण नसली की थेंब-थेंब गळती ठरलेली.

इंजिन कोमट असताना ऑइल सोडावं आणि निदान दहा मिनिटं निथळू द्यावं. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, ते डोळ्यांनी बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर हायवेवर सगळं ऑइल बाहेर पडतं. फिरवून बसवायच्या फिल्टरच्या रबराला नवं ऑइल लावून, रबर टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरा. पाना लावून आवळू नये. ड्रेन प्लग पुस्तकातल्या टॉर्कवर, म्हणजे दिलेल्या जोराइतकाच आवळावा; जोर लावून आवळलेल्या प्लगने अ‍ॅल्युमिनियमच्या संपचे (ऑइल साठणाऱ्या तळाच्या भांड्याचे) आटे जातात आणि पूर्ण संप बदलावा लागतो.

किती ऑइल लागतं ते पुस्तकात ‘फिल्टरसह’ या ओळीत असतं. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन ते साडेतीन लिटर, दीड लिटरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांना पाचच्या आसपास, मोठ्या एसयूव्हींना सहाच्या पुढे. आधी तीन-चारशे मिली कमी भरून, मिनिटभर इंजिन चालवून, पाच मिनिटं थांबून मग पट्टी बघत उरलेलं घालावं. बिलात साडेतीन लिटर आणि गाडीत तीन, हे इथेच पकडता येतं.

डबा समोर फोडायला सांगा. सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघा. बॅरलमधून भरत असतील तर ग्रेड आणि प्रमाण विचारून ते बिलावर लिहून घ्या. रिकामा डबा स्वतःकडे घ्या आणि त्याला भोक पाडा, कारण अखंड डबे कबाड्यामार्फत बनावट ऑइल भरणाऱ्यांकडे जातात.

इंजिन फ्लश आणि ‘ताकद वाढवणाऱ्या’ बाटल्यांना स्पष्ट नकार द्या. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्यात त्याने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. नव्या गाडीच्या पहिल्या हजार किलोमीटरच्या मोफत सर्व्हिसमध्ये बहुतेक कंपन्या फक्त तपासणी करतात. ऑइल बदलायचं पुस्तकात लिहिलं नसेल तर त्याचे पैसे देऊ नका.

निघण्याआधी सर्व्हिसची आठवण शून्यावर आणायला सांगा. वहीत तारीख, मीटरचा आकडा, ग्रेड, प्रमाण आणि लिटर लिहा. बिल जपून ठेवा. वाढीव वॉरंटीचा दावा करताना तेच मागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून थेंब पडला का बघा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पट्टी पुन्हा एकदा तपासा.

८. घरी बदलणार असाल तर

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. रॅम्प किंवा जॅक स्टँड लागतातच, आणि मागच्या चाकांना विटा लावा. सोबत गाडीनुसार १४ किंवा १७ चा पाना, सहा-सात लिटरचा पसरट टब, नरसाळं आणि हातमोजे. वापरलेल्या ऑइलमधली काही रसायनं कर्करोगाला कारण ठरू शकतात, उघड्या हातांनी काम करू नका.

जुनं ऑइल नालीत किंवा अंगणातल्या मातीत ओतू नका, शहराच्या नाल्यांचं पाणी शेवटी नाग नदीलाच जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. भोक न पाडलेल्या रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘जुनं ऑइल’ लिहा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना ऑइल देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. आधी फोन करून विचारा, घेतात. त्यात कूलंट, पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, नाहीतर ते पुन्हा शुद्ध करण्यासारखं राहत नाही. जुना फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्या आणि त्याच डब्यासोबत द्या.